पुस्तक तुमचे, डाव आमचा

खेळाची नवी आवृत्ती निघाली म्हणून वर्दळीवर येणाऱ्या माणसांची मी पुष्कळ वर्षे थट्टा करीत आलो. जगात भांडायला विषय का थोडे आहेत, असे मी म्हणे. आणि ज्याला भांडायला खेळाचे नियमच सापडतात त्याला बहुधा घरात कोणी बोलू देत नसावे, असाही शेरा मी एकदोनदा मारला आहे. आज तो शेरा मला मागे घ्यावयाचा आहे. सगळा नव्हे, निम्मा. हे लोक ज्या गोष्टींसाठी भांडतात त्यांतल्या बहुतेक क्षुल्लक असतात, हे माझे मत कायम आहे. पण त्या क्षुल्लक गोष्टींच्या ढिगाखाली एक खरी तक्रार दबलेली आहे आणि ती एकट्या खेळाडूंची नाही. पैसे मोजून जो कोणी पुस्तक घरी आणतो त्या प्रत्येकाची ती आहे. ती नीट मांडली जात नाही, म्हणून हा लेख.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. वाचकांपैकी अनेकांनी ते मुलांच्या किंवा भाचेपुतण्यांच्या तोंडून ऐकले असेल. ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारसहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. मूळ इंग्रजीत त्याला 'डन्जन मास्टर' म्हणतात, आम्ही सूत्रधारच म्हणतो. तो सांगतो, ''तुम्ही एका पडक्या बुरुजापाशी आला आहात. आतून पाण्याचा आवाज येतो आहे. काय करता?'' बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेऊन बसलेले असतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आपले पात्र काय करील ते ज्याचे त्याने सांगावयाचे. जे करावयाचे ते साधेल की फसेल अशी शंका आली, की वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी, त्याच्या अंगात उरलेला जीव, त्याच्याजवळच्या वस्तू हे सारे एका कागदावर पेन्सिलीने लिहिलेले असते. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते एवढेच. एकच गोष्ट महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालते.

आमची बैठक २०१५ साली सुरू झाली. रविवारी दुपारी, चहा होईपर्यंत एक भाग आणि चहानंतर दुसरा. पुस्तक इंग्रजी, खेळ मराठीत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, एक शिक्षिका आहेत, दोन तरुण मुले आहेत, माझा भाचा आहे आणि सूत्रधारकी माझ्याकडे आहे. शिक्षिकाबाईंच्या पात्राचा कागद इतक्या वेळा खोडला आणि लिहिला गेला आहे, की उरलेल्या जिवाचा आकडा जिथे लिहितात तिथे कागदाला भोक पडले आहे. त्यांनी मागून ठिगळ लावले आणि त्यावर लिहू लागल्या. मी त्यांना नवा कागद देऊ केला. त्या म्हणाल्या, ''हा असू दे. याच कागदानं मला दोनदा मरणातून काढलंय.'' मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती या कागदात आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

या खेळाचे पुस्तक पहिल्यांदा १९७४ साली निघाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावाने तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून विकल्या गेल्या. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. पण खेळ काही त्या खोक्यात जन्मला नाही. मिनेसोटातले काही हौशी लोक सोंगट्या मांडून नेपोलियनच्या काळातील लढाया खेळत. त्यांतल्या डेव्हिड वेस्ली या गृहस्थाने १९६९ साली सैन्याऐवजी एकेका खेळाडूला गावातले एकेक माणूस करून दिले. तो डाव आर्नेसन खेळला होता. त्याने पुढे स्वतःच्या घरी 'ब्लॅकमूर' नावाची आपली दुनिया उभी केली. गायगॅक्सने जेफ पेरेन याच्याबरोबर १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' हे नियमपुस्तक काढले होते. आर्नेसनची दुनिया आणि गायगॅक्सचे नियम यांचे लग्न लागले आणि पुस्तक झाले. तेव्हा क्रम असा: आधी टेबल, मग पुस्तक. ज्यांना वाटते की पुस्तक कंपनीने दिले म्हणून टेबल चालते, त्यांनी हा क्रम एकदा मनाशी घोळवावा. त्या तीन पुस्तिकांच्या शेवटी लेखकांनीच वाचकाला सांगितले होते, की पुढची कल्पना तुमची तुम्ही करा. त्याच गायगॅक्सने १९७९ साली निघालेल्या सूत्रधाराच्या ग्रंथात सगळीकडे एकसारखे नियम असावेत म्हणून लेखणी झिजवली ही गोष्ट वेगळी. पुस्तक लिहिणारा आणि पुस्तक विकणारा एकच माणूस झाला, की त्याच्या बोलण्यात अशी दोन तोंडे येतात.

त्यानंतर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९८९ साली दुसरी निघाली, २००० साली तिसरी. तिचीच डागडुजी केलेली २००३ साली. २००८ साली चौथी, २०१४ साली पाचवी. मधल्या काळात मूळ कंपनी बुडू लागली, १९९७ साली ती 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने घेतली आणि १९९९ साली त्या कंपनीला 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या बड्या कारखानदाराने घेतले. प्रत्येक आवृत्तीला तीच ओरड झाली. खेळ पोरकट केला, खेळ किचकट केला, पैशासाठी केला, आमचा खेळ मेला. ज्या आवृत्तीने खेळ मेला असे एका पिढीने म्हटले, तीच आवृत्ती पुढच्या पिढीने खरा खेळ म्हणून छातीशी धरली. म्हणून मी थट्टा करीत असे.

२०२४ च्या सप्टेंबरात खेळाडूंचे नवे पुस्तक आले, नोव्हेंबरात सूत्रधाराचे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राक्षसांचे. पन्नास डॉलरला एक, म्हणजे तिन्ही मिळून दीडशे डॉलर. पुन्हा ओरड झाली. काय म्हणून? तर पूर्वी धर्मयोद्ध्याला प्रत्येक घावागणिक दिव्य प्रहार करता येई. आता तो प्रहार मंत्रांत जमा केला, त्यामुळे एका पाळीत एकदाच करता येतो. जखम भरून काढण्याच्या साध्या मंत्राला पूर्वी आठ पैलूंचा एक फासा मिळे, आता दोन मिळतात. म्हणून मरणाचे भय कमी झाले. शस्त्रांना प्रत्येकी नवी खुबी दिली, म्हणून लढाई लांबते. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांवर उपाय टेबलावरच आहे. फासा एक टाकावा की दोन, हे पाच माणसांनी चहा पिता पिता ठरवावे. मेंढीकोटाचे नियम घरागणिक वेगळे असतात. म्हणून पत्ते छापणाऱ्यावर कोणी मोर्चा नेलेला मला ठाऊक नाही.

एका तक्रारीबद्दल मात्र मी थट्टेवर थांबणार नाही, तिला विरोध करीन. जुन्या पुस्तकात पात्राची 'रेस' ठरवावी लागे: माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे. एल्फ म्हणून जन्माला आलात की चापल्याचे दोन गुण जास्त, ड्वार्फ म्हणून जन्मलात की काटकपणाचे दोन जास्त. आमच्या टेबलावर या शब्दाला पहिल्या दिवसापासून सहज 'जात' म्हणत असत. ''तुझी जात काय?'' ''मी ड्वार्फ.'' ''मग तुला काटकपणाचे दोन.'' काही महिने असे चालले आणि एके दिवशी दोन तरुणांपैकी एकजण हसत हसत म्हणाला, ''काका, हा प्रश्न मला टेबलाबाहेर पुष्कळ लोक विचारतात, इथं तरी नको.'' तो हसला, पण बाकी कोणी हसले नाही. आम्ही शब्द बदलला. पण शब्द बदलून काय होते? नियम तोच राहिला. जन्माने गुण ठरतात हाच तो नियम. २०२४ च्या पुस्तकाने तो काढून टाकला. 'रेस' हा शब्द गेला, आणि गुणांची ती वाढ आता पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते: पूर्वी शेतकरी होता की शिपाई, लेखनिक होता की खलाशी, यावरून. यावरही परदेशात अनेकजण संतापले, खेळाची परंपरा बुडाली म्हणाले. परंपरेचे म्हणाल, तर १९७८ च्या पुस्तकात स्त्रीपात्राच्या बळाला पुरुषपात्रापेक्षा खालची कमाल मर्यादा घातलेली होती. १९८९ च्या आवृत्तीने ती उडवली. तीही परंपराच होती. ज्या मुलखात फुले आणि आंबेडकर होऊन गेले तिथल्या माणसाने तरी जन्मसिद्ध गुणांच्या कोष्टकासाठी अश्रू गाळू नयेत. आमच्या टेबलावर नवे पुस्तक आले त्या दिवशी हा बदल पाच मिनिटांत, एकमताने मान्य झाला. प्रत्येकाने आपापल्या कागदावर खोडरबर फिरवला. शिक्षिकाबाईंनीही.

वाचक म्हणतील, मग झाले तर! नवी आवृत्ती चांगली आहे, तुम्हांला पटली आहे; लेख कशासाठी? तो याच शब्दासाठी: पटली. आवृत्तीने आम्हांला पटवले. पुस्तक आले, आम्ही वाचले, जे रुचले ते घेतले, जे रुचले नाही ते ठेवून दिले. जखमेच्या मंत्राला आम्ही अजूनही एकच फासा टाकतो. नव्या आवृत्तीला एवढाच अधिकार आहे. तिने दार ठोठवावे, आत येऊन बसावे, आपली कैफियत मांडावी. घरातल्या जुन्या माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार तिला नाही. गेल्या काही वर्षांत तो अधिकार दोनदा मागितला गेला. माझी तक्रार ती.

पहिल्या वेळचा इतिहास थोडा मागून सांगावा लागतो. २००० साली तिसरी आवृत्ती काढताना कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. खेळाचा नियमांचा सांगाडा तिने एका खुल्या परवान्याखाली मोकळा केला. कोणीही त्या नियमांवर आपली पुस्तके रचावीत, छापावीत, विकावीत. कंपनीला एक पैसा देण्याची गरज नाही. आणि परवाना कायमचा. शेकडो लहानमोठ्या लेखकांनी या शब्दावर विश्वास ठेवून आपले संसार मांडले. २००८ साली चौथी आवृत्ती आली; तिला वेगळा, आखडलेला परवाना होता आणि खेळाची घडीही पार बदललेली होती. पुष्कळांना ती पटली नाही. तेव्हा 'पायझो' नावाच्या एका प्रकाशकाने, ज्याने पूर्वी याच खेळाची मासिके चालवली होती, खुल्या परवान्याच्या आधारे जुन्या तिसऱ्या आवृत्तीचा खेळ २००९ साली 'पाथफाइंडर' या नावाने छापला. ज्यांना जुने हवे होते त्यांना जुने मिळाले. ज्यांना नवे हवे होते ते नव्याकडे गेले. कोणाचे टेबल मोडले नाही. मग कंपनीने २०१२ पासून नव्या नियमांचे मसुदे सरळ खेळाडूंच्या हातात दिले, त्यांचे ऐकले, आणि २०१४ साली जी पाचवी आवृत्ती काढली ती पूर्वीच्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा अधिक लोकांनी उचलली. यातला धडा उघड आहे. खेळाडूला 'नाही' म्हणता येत होते, म्हणून कंपनीला त्याचे 'होय' कमवावे लागले. आणि कमवावे लागले म्हणूनच पुस्तक चांगले झाले.

आता पुढचे ऐका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या नियमांची घोषणा झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीच्या प्रमुख बाईंनी गुंतवणूकदारांसमोर सांगितले, की या खेळातून जेवढा पैसा निघावयास हवा तेवढा काढला जात नाही. आणि २०२३ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या परवान्याचा मसुदा फुटून वर्तमानपत्री बाहेर आला. त्यात होते काय? जुना परवाना यापुढे अधिकृत नाही. वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक विक्री असणाऱ्याने वरच्या रकमेवर शेकडा पंचवीसपर्यंत हिस्सा द्यावा. आणि परवान्याखाली इतरांनी लिहिलेले कंपनीला हवे तसे वापरता यावे. 'कायमचा' म्हटलेला परवाना कसा रद्द होतो, असे तुम्ही विचाराल. वकिलांनी उत्तर शोधले होते: परवाना कायमचा आहे खरा, पण तो मागे घेता येणार नाही असे त्यात कुठे लिहिले आहे? शिवाय त्यात 'अधिकृत आवृत्ती' असा एक शब्द आहे. कोणती आवृत्ती अधिकृत ते ठरविणारे आम्हीच. तेवीस वर्षे लोक ज्या घरात राहिले त्याच्या खरेदीखतातल्या एका विशेषणावर बोट ठेवून घर मागणे यालाच म्हणतात.

खेळाडू बिथरले. हजारो लोकांनी कंपनीच्या संगणकी सेवेची वर्गणी बंद केली. कंपनीने मसुदा बदलला, लोकांची मते मागवली. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली, आणि त्यांतल्या शेकडा अठ्ठ्याऐंशी जणांनी या परवान्याखाली आपण काही छापणार नाही असे कळवले. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने सपशेल माघार घेतली. जुना परवाना राहिला, आणि पाचव्या आवृत्तीचा नियमांचा सांगाडा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या सार्वजनिक परवान्याखाली ठेवला गेला. तो आता कंपनीलाही परत घेता येत नाही. २०२५ च्या एप्रिलात नव्या नियमांचा सांगाडाही तसाच मोकळा करण्यात आला. याचे श्रेय कंपनीला द्यावयाचे तेवढे मी देतो.

दुसरी वेळ लहान दिसते, पण मला ती अधिक झोंबते. २०२२ साली हॅस्ब्रोने 'डी अँड डी बियाँड' ही संगणकी सेवा चौदा कोटी डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली होती. पुष्कळ खेळाडू आता पात्राचा कागद तिथे ठेवतात. पुस्तकेही तिथेच 'विकत' घेतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये या सेवेने जाहीर केले, की नवे पुस्तक निघताच सगळ्या पात्रांच्या कागदांवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नवे येतील. ज्याला जुना मंत्र हवा असेल त्याने तो स्वतः टंकून घ्यावा. जुन्या पुस्तकाचे पैसे मोजलेले असोत वा नसोत. पुन्हा आरडाओरडा झाला, आणि काही दिवसांत हाही बेत सोडण्यात आला. पण बेत काय होता ते पाहा. माझ्या घरात कोणी शिरणार नव्हते, पुस्तक फाडणार नव्हते. मी झोपलो असताना माझ्या कागदावर खोडरबर फिरणार होता, इतकेच. खोडरबर आमच्याही टेबलावर फिरला, हे मी वर सांगितले आहे. फरक एवढाच, की तो आमच्या हातात होता.

माझा भाचा या सेवेचा भक्त आहे. मी हे बोलू लागलो की तो म्हणतो, ''मामा, तुझं जुनं पुस्तक तुझ्या कपाटात आहे ना? ते कोणी नेलं का? मग कशाला चिडतोस?'' हा युक्तिवाद कंपनीचे वकीलही करतात आणि अनेक समंजस माणसेही करतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावयास हवे. पुस्तक कपाटात आहे हे खरे. ते कपाटात आहे म्हणूनच माझे आहे. भाच्याचे पुस्तक कपाटात नाही. त्याने माझ्याएवढेच पैसे दिले आणि त्याला मिळाली वाचण्याची परवानगी. त्याच्या पात्राचा कागदही त्याच्या घरी नाही. म्हणजे ''जुने पुस्तक तुमच्याजवळ आहेच'' हे उत्तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याला लागू पडते, आणि ज्याला ते ऐकवायला हवे त्या तरुणाला लागूच पडत नाही. दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे राहून पाऊस कुठे आहे, असे विचारण्यासारखे हे आहे.

दुसरा युक्तिवाद असा, की कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. तिला नवी आवृत्ती विकावीच लागणार. जरूर विकावी! मी स्वतः विकत घेतली आहे. विकण्याला माझी हरकत नाही. विकलेले परत मागण्याला आहे. मराठी पुस्तकांवर 'सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती' असे छापण्याची एक प्रामाणिक रीत आहे. तीत लेखक कबूल करतो, की पहिली होती आणि ही दुसरी आहे. आपल्या शब्दकोशाची नवी आवृत्ती निघाली म्हणून प्रकाशकाचा माणूस रात्री वाचनालयात शिरून जुन्या प्रती बदलून गेला, असे ऐकले आहे काय? या नव्या पुस्तकाने तर आपण नवी आवृत्ती आहोत हेही सरळ म्हटले नाही. ते 'सहावी' म्हणवून घेत नाही. पाचवीचेच नाव लावते, आणि आत मंत्र तेच, नावे तीच, मजकूर दुसरा. एकाच टेबलावर दोघांच्या हातात एकाच नावाची दोन पुस्तके असली आणि जखमेच्या मंत्राला एकाने एक फासा टाकला, दुसऱ्याने दोन, तर दोघेही बरोबर! अशा घोळात शेवटी कोण जिंकतो? ज्याच्या हाती संगणकावरची प्रत बदलण्याची किल्ली आहे तो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत सभ्य आहे: दोन्ही वेळा कंपनीने लोकांचे ऐकले, मग आता राग कशाला? माझे उत्तर असे. ऐकले याचा आनंद आहे. पण दोन्ही वेळा ऐकावे लागले ते लोक ओरडले म्हणून. ज्या हक्काचे रक्षण दर खेपेस घसा फोडून करावे लागते तो हक्क नसून मेहेरबानी असते. परवान्याच्या बाबतीत ती मेहेरबानी आता लेखी, कायमची झाली. पात्राच्या कागदाबद्दल आणि विकत घेतलेल्या संगणकी पुस्तकाबद्दल अद्याप तसे झालेले नाही.

बुद्धिबळाचे उदाहरण आपल्या माणसांना लवकर पटेल. आपल्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, पण शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. विलायती नियम आले आणि हळूहळू आपण ते घेतले, कारण जगाशी खेळावयाचे तर ते हवेत हे पटले. त्याला कित्येक दशके लागली. ती दशके फुकट गेली असे मला वाटत नाही. त्या काळात ओसरीवर बसून जुन्या चालीने खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या पटावरचा राजा मध्येच कोणी उचलून दुसऱ्या घरात ठेवू शकत नव्हते. त्यांना पटेल तेव्हा ते बदलले, किंवा न बदलता मेले. खेळ जिवंत राहिला.

दोष एकट्या कंपनीला देऊन मी मोकळा होणार नाही. हा अधिकार तिला आम्हीच देऊ केला. बेरीज करण्याचा कंटाळा म्हणून कागद दुसऱ्याच्या घरी ठेवायला दिला. पुस्तक जड म्हणून त्याची परवानगी विकत घेतली आणि तिला पुस्तक म्हणू लागलो. सोयीला किंमत असते. ती किंमत पैशात आहे असे आम्ही समजलो, ती ताब्यात होती. आणि ओरडण्याची वेळ आली तेव्हा आमच्यातले निम्मे लोक दिव्य प्रहाराबद्दल आणि एल्फांच्या गुणांबद्दल ओरडत बसले. क्षुल्लक तक्रारीची हानी ही असते. तिच्या गोंगाटात खरी तक्रार ऐकू येत नाही, आणि विक्रेत्याला म्हणता येते, की यांचे नेहमीचेच आहे.

म्हणून मागायचे तर तीनच गोष्टी मागाव्यात, आणि त्या मिळेपर्यंत दुसरे काही बोलू नये. नव्या पुस्तकाला नवे म्हणा. नाव बदला, निदान आकडा तरी घाला. जुने नियम नव्यांच्या शेजारी मिळत राहतील असे लेखी द्या. आणि संगणकावर जे विकता ते घरी उतरवून ठेवता येईल अशा रूपात विका. म्हणजे तुमचे दुकान उद्या बंद झाले तरी आमचा डाव बंद पडणार नाही. बाकी तुम्ही फासे वाढवा, कमी करा, राक्षसांना शिंगे लावा की शेपट्या, आम्ही बघून घेऊ.

आणि खेळाडूंनीही एक करावे. नवे पुस्तक वाचल्याशिवाय त्याला शिव्या देऊ नयेत, आणि टेबलावर विचारल्याशिवाय ते स्वीकारू नये. आमच्या बैठकीत आता असा ठराव आहे. कोणताही नवा नियम सूत्रधाराने वाचून दाखवावा, एक दुपार तो खेळून बघावा, मग हात वर करून ठरवावे. निवृत्त गृहस्थ नेहमी विरुद्ध हात वर करतात. त्यांचे म्हणणे, कोणीतरी करायलाच हवा.

परवाच्या रविवारी भाचा आपल्या पात्राचा कागद छापून घेऊन आला. मी काही बोललो नाही. शिक्षिकाबाईंनी त्याला पेन्सिल आणि खोडरबर दिला आणि जिवाच्या आकड्याची जागा दाखवून म्हणाल्या, ''इथं जरा हलक्या हातानं खोडत जा, इथलाच कागद आधी फाटतो.''